मॉड राइजचा गाळ

अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात मॉड राइज नावाचा बुडालेला उंचवटा आहे. 1987 साली ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या जहाजाने तिथे सुमारे 2900 मीटर पाण्याखालचा तळ खोदून गाळाचे दंडगोल वर काढले. 690 क्रमांकाच्या या विवरातला गाळ तपासून जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी 1991 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात दाखवून दिले, की पॅलिओसीन काळ संपून इओसीन सुरू होताना समुद्र अचानक तापला होता. आजच्या कालगणनेनुसार ही घटना सुमारे 5 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीची आहे.

खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर गाळ साठतो. त्यात फोरॅमिनिफेरा या वाळूच्या कणाएवढ्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे असतात. पाणी जितके उबदार, तितका कवचात जड ऑक्सिजन कमी, हे तत्त्व हॅरल्ड युरी यांनी 1947 मध्ये मांडले आणि चेझारे एमिलियानी यांनी 1955 मध्ये ते हिमयुगांच्या गाळाला लावले. हिमयुगांत हलका ऑक्सिजन बर्फात अडकून पडतो, त्यामुळे तापमानाचे गणित अवघड होते. पॅलिओसीनच्या अखेरीस मात्र मोठे हिमस्तर नव्हते, म्हणून कवचांमधले आकडे बऱ्याच अंशी थेट वाचता येतात. ते सांगतात, की खोल पाणीसुद्धा सुमारे 5 अंश सेल्सियसने तापले.

त्याच थरांत कवचांमधला कार्बनही एकाएकी हलका झालेला दिसतो. तळावरचे जीव गाळ उकरून कालवतात, म्हणून मूठभर कवचे एकत्र तपासली तर हा बदल सावकाश घडल्यासारखा भासतो. पुढे संशोधकांनी एकेक कवच वेगळे तपासले, तेव्हा काही कवचे बदलापूर्वीची निघाली, काही नंतरची. अधलीमधली जवळपास नव्हतीच. इतका सूक्ष्म पुरावा कोट्यवधी वर्षे टिकावा, हे खरोखर विलक्षण आहे.

हा कार्बन आला कुठून? ज्वालामुखींचा कार्बन इतका हलका नसतो, म्हणून 1995 मध्ये जेराल्ड डिकन्स आणि सहकाऱ्यांनी समुद्रतळाखाली गोठलेल्या मिथेनकडे बोट दाखवले. नंतरच्या काही अभ्यासांनी उत्तर अटलांटिकमधल्या ज्वालामुखींना मोठा वाटा दिला. वाद अजून मिटलेला नाही.

परिणामांचा सर्वांत बोलका पुरावा दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस रिजवर मिळाला. 2003 साली तिथे वेगवेगळ्या खोलींवर विवरे घेतली गेली. खाली-वर पांढरा चुनखडीचा गाळ आणि मधोमध लालसर तपकिरी चिकणमातीचा पट्टा. खोल जागी हा पट्टा अधिक जाड. हवेतला जादा कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरला, पाणी आम्लतेकडे झुकले आणि तळावरची कवचे विरघळून गेली. चुना विरघळण्याची सीमा 2 किलोमीटरहून अधिक वर सरकली होती. जेम्स झाकोस आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे मांडले. म्हणजे ज्या क्षणांची नोंद हवी होती, नेमकी तीच तिथे पुसली गेली, आणि ते पुसले जाणे हीच मोठी साक्ष ठरली. तळावरच्या फोरॅमिनिफेरांच्या 30 ते 50 टक्के जाती याच काळात नाहीशा झाल्या.

पांढरा गाळ पूर्ववत साठायला लाखाहून अधिक वर्षे लागली. त्या काळी कार्बन वर्षाला साधारण एक अब्ज टनांच्या वेगाने हवेत गेला असावा, असा 2016 मधला अंदाज आहे. आज माणूस त्याच्या सुमारे दहापट वेगाने तो सोडतो आहे.