रे, जॉन
रे, जॉन : (२९ नोव्हेंबर १६२७ – १७ जानेवारी १७०५). इंग्रज निसर्गवैज्ञानिक व धर्मोपदेशक. जन्म एसेक्समधील ब्लॅक नॉटली या खेड्यात, लोहाराच्या घरी. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात फेलो. १६६० मध्ये धर्मदीक्षा. धार्मिक एकरूपतेच्या कायद्याने लादलेले प्रतिज्ञापन करण्यास नकार दिल्यामुळे १६६२ मध्ये फेलोपद गेले. पुढे मित्र फ्रान्सिस विलबी याचा आश्रय व त्याच्या मृत्यूनंतर (१६७२) त्याने ठेवलेली वार्षिक ६० पौंडांची नेमणूक यांवर निर्वाह. १६६३–६६ यूरोपचा प्रवास.

हिस्तोरिया प्लांतारुम (३ खंड, १६८६–१७०४) या ग्रंथात १८,००० हून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. बीजातून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी लक्षणे ही ‘जाती’ची कसोटी त्याने घालून दिली. मलबारच्या वनस्पतींसाठी त्याने हॉर्तुस मलबारिकुस या ग्रंथाचा आधार घेतला. त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१६७८) रंगभट, विनायक पंडित व आपूभट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील प्रशस्तिपत्र आहे.

द विज्डम ऑफ गॉड (१६९१) हा ग्रंथ ट्रिनिटीतील त्याच्या जुन्या प्रवचनांतून वाढला. त्याचे सूत्र बायबलमधील स्तोत्र १०४ मधले. सुतारपक्ष्याचे आखूड भक्कम पाय, खोडाला टेकणारी ताठ शेपटी, सालीखालची अळी ओढणारी लांब जीभ अशा बारकाव्यांतून तो निर्मात्याच्या शहाणपणाकडे जातो. देवाच्या कृतींचे चिंतन हे अनंतकाळातही माणसाचे काम असू शकेल, असे त्याला वाटे. मात्र ऐकीव चमत्कारांना येथे थारा नाही. कुजक्या पदार्थातून आपोआप किडे उपजतात, ही समजूत त्याने नाकारली. भक्तीला अचूक निरीक्षणाची अशी शिस्त लावणे, हे त्याचे सर्वांत मोठे देणे होय.

उतारवयात, पायांवरील व्रणांनी हैराण असताना, त्याने कीटक हाती घेतले. मुली अळ्या गोळा करून आणत. पिंजऱ्यात ठेवलेल्या एका काटकीसारख्या अळीच्या कोशातून पतंगाची मादी बाहेर आली. खिडक्या उघड्या होत्या. रात्री त्याची पत्नी सहज खोलीत गेली, तेव्हा दोन नर तिथे घिरट्या घालत होते. तिने ते पकडले. मादीच्या गंधाने ते बाहेरून आले असावेत, असे रेने नोंदविले. कीटकांच्या गंधसंकेतांविषयीच्या आरंभीच्या निरीक्षणांत या नोंदीला मानाचे स्थान द्यावे लागेल.

जीवाश्मांविषयी त्याचे मत अखेरपर्यंत दोलायमान राहिले. निसर्गरचनेवरून निर्मात्याचे अस्तित्व मांडणाऱ्या विल्यम पेलीच्या ग्रंथावरील (१८०२) रेच्या ऋणाचे प्रमाण वादग्रस्त आहे. कीटकांवरील ग्रंथ मरणोत्तर प्रसिद्ध (१७१०).