अळंबीची पारख

नाशिक जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पावसाने जोर धरला की वारुळांवर अळंबी उगवते. आदिवासी घरांत तिची भाजी होते. न खायच्या भूछत्रांना मराठीत सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात. भूछत्रांची लोकांनी केलेली विभागणी एवढीच : खायची आणि टाकायची.

ग्रंथांतील वर्गीकरण जागेवरून झाले. सुश्रुतसंहितेत पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन अशा पाच ठिकाणी उगवणारी भूछत्रे सांगितली आहेत. मनुस्मृतीने लसूण-कांद्याबरोबर भूछत्रेही द्विजांना वर्ज्य ठरवली; तिथे कारण विषाचे नव्हते, शुचितेचे होते.

युरोपात बुरशीशास्त्रज्ञ पेर्सोन यांनी १७९७ मध्ये ‘अमानिटा’ ही प्रजाती मांडली, तर फ्रीस यांनी १८२१ पासून बीजाणूंच्या रंगाला वर्गीकरणात महत्त्व दिले. वारुळावरच्या अळंबीला ‘टर्मिटोमायसिस’ हे नाव बुरशीशास्त्रज्ञ एम यांनी १९४२ मध्ये दिले. वाळवी वारुळात चघळलेल्या पालापाचोळ्यावर या बुरशीची बाग वाढवते. म्हणून अळंबीचा दांडा मुळासारखा खोल थेट त्या बागेपर्यंत जातो. महाराष्ट्रातील भूछत्रांची शास्त्रीय नोंद साठे आणि देशपांडे यांनी १९८० मध्ये पुण्यातून प्रसिद्ध केली.

घातक अमानिटाची टोपीखालची पाती पांढरी असतात आणि दांड्याच्या बुडाशी वाटीसारखे आवरण असते. भूछत्र वरून खुडले तर ही वाटी मातीतच राहते आणि मुख्य खूण हातची जाते. हिरवळीवर उगवणाऱ्या ‘क्लोरोफायलम’ची पातीही कोवळेपणी पांढरीच दिसतात. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली, की बीजाणूंचा हिरवट ठसा उमटतो. अमानिटाचा ठसा पांढरा, टर्मिटोमायसिसचा गुलाबीसर असतो. क्लोरोफायलममुळे तीव्र उलट्या-जुलाब होतात. घातक अमानिटा जीव घेतो.

शिजवताना चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडला तर भूछत्र विषारी, ही समजूत खोटी आहे. घातक अमानिटातले अमानिटिन हे विष शिजवून किंवा वाळवून जात नाही. त्रास साधारण सहा ते बारा तासांनी सुरू होतो, मध्ये उतार पडल्यासारखा वाटतो आणि तेवढ्यात यकृत निकामी होऊ लागते. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी भूछत्रे खाऊन १३ जण दगावले.

वारूळ ही एका प्रजातीची खूण आहे, निर्धोकपणाची हमी नव्हे. ओळख पटवायची तर भूछत्र मातीसकट, बुडापासून उकरून पाहावे लागते. तरीही शंका राहिली तर ते खाऊ नये.