सर जोशुआ रेनॉल्ड्स : व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय आणि कलेची प्रतिष्ठा

प्रस्तावना

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडमध्ये चित्रकाराची गणना बहुतांशी कारागिरांत होत असे. उमरावांच्या वाड्यांत मोठी कामे मिळत ती परदेशी चित्रकारांना, तर देशी चित्रकार चेहऱ्यांची चित्रे करून उदरनिर्वाह करीत. शतक संपताना मात्र चित्रकला ही विद्वानांच्या पंक्तीत बसणारी कला ठरली होती. या परिवर्तनात सर जोशुआ रेनॉल्ड्स (१७२३–१७९२) यांचा वाटा सर्वांत मोठा होता. ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रणाला त्यांनी सर्वश्रेष्ठ कला मानले, परंतु त्यांचे आयुष्य त्याखालच्या पायरीवरील व्यक्तिचित्रणात गेले. प्रस्तुत लेखात या अंतर्विरोधाच्या अनुषंगाने त्यांच्या जीवनाचा व कार्याचा आढावा घेतला आहे.

जडणघडण

रेनॉल्ड्स यांचा जन्म १६ जुलै १७२३ रोजी डेव्हन परगण्यातील प्लिम्टन येथे झाला. वडील धर्मोपदेशक व शाळामास्तर असल्याने वाचनाचा संस्कार घरातच झाला. १७४० मध्ये ते लंडनमधील व्यक्तिचित्रकार थॉमस हडसन यांच्याकडे उमेदवारीसाठी राहिले, पण १७४३ मध्येच तेथून बाहेर पडले. १७४९ मध्ये नौदल अधिकारी ऑगस्टस केपेल यांच्या जहाजातून ते भूमध्य समुद्राकडे गेले आणि १७५२ पर्यंत इटलीत राहिले. राफाएल आणि मायकेलअँजेलो यांच्या कृतींचा त्यांनी तेथे कसून अभ्यास केला. पुढे आयुष्यभर सोबत करणारा बहिरेपणा व्हॅटिकनमधील थंड दालनांत काम करताना जडला, असे ते सांगत.

परतल्यावर रंगविलेल्या केपेल यांच्या पूर्णाकृती चित्राने त्यांचे नाव झाले. खवळलेल्या समुद्रकिनाऱ्यावरून पुढे येणाऱ्या या अधिकाऱ्याच्या पवित्र्याला अपोलोच्या प्राचीन शिल्पाचा आधार आहे. जिवंत माणसाला अभिजात शिल्पाची ढब देण्याची ही युक्ती पुढे त्यांच्या शैलीचा पायाच ठरली.

व्यवसायाचे स्वरूप

१७५८ या एका वर्षात सुमारे १५० व्यक्ती त्यांच्यासमोर चित्रासाठी बसल्या. १७६० मध्ये लेस्टर फील्ड्स येथील घरात त्यांनी चित्रशाळा थाटली. चेहरा व एकूण रचना ते स्वतः करीत, तर वस्त्रे आणि पार्श्वभूमी बहुधा साहाय्यकांकडे सोपवली जाई. १७८२ च्या सुमारास पूर्णाकृती चित्राचा दर २०० गिनी होता. ईस्ट इंडिया कंपनीशी संबंधित मंडळीही त्यांच्याकडे येत. वॉरन हेस्टिंग्ज यांचे चित्र आणि भारतीय दाईसह रंगविलेले जॉर्ज क्लाइव्ह यांच्या कुटुंबाचे चित्र ही १७६०च्या दशकातली. भारतातून गेलेल्या संपत्तीला इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेचा चेहरा कसा मिळाला, हे या चित्रांतून दिसते.

सिद्धान्त आणि व्यवहार

डिसेंबर १७६८ मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली आणि रेनॉल्ड्स तिचे पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १७६९ ते १७९० या काळात त्यांनी अकादमीत पंधरा व्याख्याने दिली. चित्रकाराने निसर्गाची बारकाव्यांसह नक्कल करू नये, विशेषाच्या पलीकडील सामान्य रूप शोधावे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होते. परंतु व्यक्तिचित्राला तर विशेषच हवा असतो. अमुक चेहरा अमुक व्यक्तीचा आहे, हे पटले नाही तर चित्राचा हेतूच फसतो. १७७१ च्या व्याख्यानात त्यांनी यावर तोड सुचविली : साम्य हे प्रत्येक अवयवाच्या तंतोतंत नकलेपेक्षा एकंदर भाव पकडण्यात अधिक असते.

या विचाराची फलश्रुती दोन चित्रांत पाहता येते. १७८४ च्या चित्रात अभिनेत्री सारा सिडन्स शोकनाट्याची देवता बनून सिंहासनावर बसली आहे. तिच्या बैठकीत मायकेलअँजेलोच्या प्रेषितांची आठवण आहे, तरी चेहरा तिचाच आहे. त्याआधी १७७६ मध्ये प्रदर्शित झालेल्या चित्रात पॅसिफिक बेटांवरून इंग्लंडला आलेला माई हा तरुण शुभ्र वस्त्रांत, रोमन वक्त्याच्या ऐटीत उभा आहे. हातांवरील गोंदण मात्र चित्रकाराने झाकलेले नाही. येथे एका परक्या माणसाला उमरावाइतकाच मान मिळाला, पण तो युरोपीय अभिजाततेच्या साच्यात बसवूनच. २०२३ मध्ये लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी आणि अमेरिकेतील गेटी संग्रहालय यांनी हे चित्र ५ कोटी पौंडांना संयुक्तपणे विकत घेतले.

मर्यादा आणि मूल्यमापन

जुन्या इटालियन चित्रांची झळाळी आणण्याच्या ध्यासात रेनॉल्ड्स यांनी रंगद्रव्यांचे धाडसी प्रयोग केले. चेहऱ्यांवरील तांबूस रंग उडून गेले, तर डांबरयुक्त गडद भागांना भेगा पडल्या. त्यांच्या हयातीतच फिकट पडलेल्या चेहऱ्यांची थट्टा होऊ लागली. व्याख्यानांत चिरंतनाचा पुरस्कार करणाऱ्या चित्रकाराची चित्रेच टिकाऊ ठरू नयेत, हा दैवदुर्विलास होय. विल्यम ब्लेक यांनी तर व्याख्यानांच्या प्रतीवर समासात प्रखर टीका लिहिली. विशेषाला गौण लेखणे म्हणजे कलेचा प्राणच नाकारणे, असा तिचा रोख होता.

तथापि रेनॉल्ड्स यांची दृष्टी स्वतःच्या सिद्धान्तापुरती बंदिस्त नव्हती. त्यांचे प्रतिस्पर्धी थॉमस गेन्सबरो १७८८ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांनी त्या वर्षीचे व्याख्यान गेन्सबरोंच्याच कलेवर दिले. आपल्या मार्गाने न गेलेल्या चित्रकाराच्या साम्य टिपण्याच्या सामर्थ्याचा त्यांनी त्यात मोकळेपणाने गौरव केला. १७८९ मध्ये त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. २३ फेब्रुवारी १७९२ रोजी त्यांचे निधन झाले व सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांना समाधी मिळाली.

निष्कर्ष

रेनॉल्ड्स यांचे सामर्थ्य सिद्धान्त आणि उपजीविका यांच्यातील ताणातूनच आले. श्रेष्ठ कलेचा आग्रह नसता तर ते हडसन यांच्यासारखे यशस्वी व्यावसायिक राहिले असते. समोर बसलेल्या माणसाचे बंधन नसते तर त्यांची चित्रे कोरड्या आदर्शवादात हरवली असती. चित्रकाराला समाजात मान मिळवून देणारी संस्था त्यांनी उभी केली. पण त्या मानाचे समर्थन व्याख्यानांपेक्षाही अधिक प्रभावीपणे झाले ते, त्यांनी स्वतः खालच्या पायरीवर ठेवलेल्या व्यक्तिचित्रांतून.