झुर्दॅं, मस्य

मोल्येर (१६२२–७३) या फ्रेंच नाटककाराच्या ‘ल बुर्झ्वा जांतियोम’ या पाच अंकी सुखात्मिकेचा नायक. नृत्य-संगीताने नटलेले हे गद्य नाटक १४ ऑक्टोबर १६७० रोजी शांबोरच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसमोर प्रथम झाले. संगीत झां-बातिस्त ल्युली याचे होते. झुर्दॅंची भूमिका मोल्येरने स्वतः केली, तर नाटकातल्या तुर्की प्रसंगात ल्युली मुफ्ती झाला होता.

व्यक्तिरेखा : झुर्दॅं हा कापड विकून श्रीमंत झालेल्या पॅरिसच्या व्यापारी घराण्यातला. घरात पैसा आहे, पण खानदानी सरदार म्हणवून घेण्याची हौस अपुरी आहे. त्यासाठी तो संगीत, नृत्य, तलवारबाजी आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षक पदरी ठेवतो. आपण चाळीसहून अधिक वर्षे नकळत गद्य बोलत आलो, हे कळल्यावर त्याला मनापासून आनंद होतो. शिंप्याने अंगरख्यावरची फुले उलटी बसवली, तरी थोर लोक तशीच घालतात म्हटल्यावर तो लगेच मानतो. शिंप्याचे कामगार चढत्या पदव्यांनी हाक मारू लागताच तो प्रत्येक पदवीला बक्षिशी देतो. दोरांत हा सरदार त्याच्याकडून एकूण १८,००० लिव्ह्र उसने घेतो आणि त्यानेच दिलेली हिऱ्याची अंगठी दोरिमेन या उमरावस्त्रीला स्वतःची भेट म्हणून देतो.

झुर्दॅं निर्दोष नाही. बायकोच्या डोळ्यांआड तो दोरिमेनच्या मागे लागतो. जावई सरदारच हवा, या हट्टापायी मुलगी ल्युसील हिच्या सुखाचाही विचार करत नाही. मात्र त्याच्या ठायी कावा नाही. तो ज्याच्या-त्याच्या शब्दावर विश्वास टाकतो, आणि त्याला लुबाडणारेच अधिक लबाड ठरतात. ल्युसीलचा प्रियकर क्लेओंत तुर्की सुलतानाचा पुत्र बनून येतो आणि झुर्दॅंला ‘मामामूशी’ ही बनावट पदवी देतो. १६६९ मध्ये फ्रान्सला आलेल्या ऑटोमन दूताच्या भेटीची या प्रसंगाला पार्श्वभूमी होती. शेवटपर्यंत झुर्दॅंचा भ्रम कोणी मोडत नाही. मुलीचे लग्न तिच्या मनासारखे होते आणि तो स्वतःही तृप्त राहतो. त्याला शिक्षा न देता सुखी सोडणे, यातच मोल्येरच्या विनोदाचे मोठेपण आहे.

रूपांतर : ऑस्ट्रियन साहित्यिक हूगो फोन होफमान्सटाल याने केलेले या नाटकाचे जर्मन रूपांतर २५ ऑक्टोबर १९१२ रोजी श्टुटगार्ट येथे माक्स राइनहार्टच्या दिग्दर्शनाखाली रंगले. त्याला रिखार्ड श्ट्राउसचे संगीत होते. नाटकापाठोपाठ ‘आरिआडने आउफ नाक्सोस’ ही संगीतिका झुर्दॅंच्या घरची करमणूक म्हणून सादर होई. हा जोडप्रयोग फार लांबला. १९१६ च्या व्हिएन्ना आवृत्तीत नाटक गाळून संगीतिकेला नवा पूर्वरंग जोडण्यात आला. त्यात झुर्दॅंच्या जागी व्हिएन्नातला सर्वांत श्रीमंत गृहस्थ आहे. तो रंगमंचावर येतच नाही, त्याचे हुकूम कारभारी ऐकवतो. शोकनाट्य आणि विदूषकी खेळ एकाच वेळी करा, हा हुकूमही तसाच येतो. झुर्दॅं असता तर या आज्ञेतही त्याचे भाबडेपण दिसले असते. अदृश्य यजमानाच्या तोंडी केवळ पैशाचा माज उरतो. १९१८ मध्ये बर्लिनला हे गाळलेले नाटक श्ट्राउसच्या वाढीव संगीतासह स्वतंत्रपणे झाले.

‘आरिआडने’ आज बहुधा १९१६ च्या रूपात होते. झुर्दॅंसाठी रचलेले संगीत मात्र श्ट्राउसच्या वाद्यवृंद-मालिकेतून मैफलींत वाजत असते.