व्हीलचेअरला शॉकअ‍ॅब्सॉर्बर कशासाठी?

मानपाड्यातल्या पेव्हर ब्लॉकवरून व्हीलचेअर ढकलून पाहा. पुढचं छोटं चाक फटीत अडकतं आणि दणका थेट बसलेल्याच्या पाठीला बसतो. असं का होतं, ते या खुर्चीच्या इतिहासात कळतं.

1933 च्या सुमारास अमेरिकेत हॅरी जेनिंग्ज यांनी खाण अपघातात जायबंदी झालेल्या हर्बर्ट एव्हरेस्ट या मित्रासाठी घडीची पोलादी खुर्ची बनवली. ती मोटारीत मावायची. हाच नमुना जगभर रुजला. फरशीवर तो उत्तम चालतो, पण खडबडीत वाटेवर लहान चाकं रुततात.

1980 मध्ये राल्फ हॉचकिस हे स्वतः व्हीलचेअर वापरणारे अभियंते निकाराग्वातल्या अपंगांसोबत काम करू लागले. त्यातून पुढे रुंद पुढची चाकं आणि चाकांमध्ये जास्त अंतर असलेली ‘रफरायडर’ आली. 2021 मध्ये आयआयटी मद्रासने खुर्चीला जोडायची, ओबडधोबड रस्त्यावर चालणारी मोटार ‘नियोबोल्ट’ आणली.

शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधली स्प्रिंग दणका झेलते, डँपर तिची उसळी आवरतो. नुसती स्प्रिंग असेल तर खुर्ची डोलत राहते. सेकंदाला 4 ते 6 हेलकावे बसलेल्या शरीराला सर्वाधिक हादरवतात. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना धक्के आणि घर्षण जाणवत नाही, आणि नकळत जखम होते.

म्हणून खुर्ची दुकानातल्या फरशीवर नव्हे, तुमच्या गल्लीत चालवून घ्या. चांगली गादी वापरा आणि रोज रात्री बैठकीची त्वचा तपासा. लाली दाबूनही जात नसेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.