न भरणाऱ्या जखमेची सेवा

श्रोतेहो, औषधाने बरा होणारा रोगी सर्वांना प्रिय असतो. तो उठून कामाला लागला म्हणजे वैद्याचे नाव होते, घरच्यांनाही समाधान वाटते. पण जी जखम महिनोन्‌महिने भरत नाही, जिला वास येतो, जी पाहून पाहुणे उंबऱ्यावरूनच परत फिरतात, त्या जखमेच्या धन्याने काय करावे? आपल्या महाराष्ट्राने या प्रश्नाला कसकसे उत्तर दिले, तो इतिहास आज थोडक्यात पाहू.

अक्कलकोटसारख्या क्षेत्राच्या गावाला हा प्रश्न नवा नाही. जेथे देवाचे दार असते, तेथे दुखणाईत माणूस आशेने येतोच. पूर्वी महारोग्याला गावात जागा नसे. देवळाची वाट आणि भिक्षेचा कटोरा एवढाच त्याला आधार. सरकारनेही फार वेगळे केले नाही. १८९८ साली इंग्रजी अमलात महारोग्यांसंबंधी कायदा झाला. फिरत्या, निराधार रोग्याला पकडून आश्रमात ठेवावे, हा त्याचा मुख्य रोख होता. हा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले! वास्तविक नॉर्वेच्या हान्सेन या वैद्याने १८७३ सालीच या रोगाचा जंतू शोधला होता. म्हणजे हे पूर्वजन्मीचे पाप नव्हे, हे शास्त्राने केव्हाच सांगितले होते. पण मनातली भीती काही शास्त्राच्या पावलाने चालत नाही.

या भीतीला आपल्याकडे काही माणसांनी हाताने उत्तर दिले. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवा सुरू केली. त्यानंतर १९३९ साली सेवाग्राम आश्रमात एक संस्कृत पंडित आले. त्यांचे नाव परचुरे शास्त्री. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी येरवड्याचा तुरुंग भोगला होता. आता अंगावर महारोगाच्या जखमा होत्या आणि आसरा कोठेच नव्हता. आश्रमात इतर माणसे होती, मुलेबाळे होती. गांधीजींपुढे पेच होता खरा. त्यांनी शास्त्रीबोवांना ठेवून घेतले, जवळच झोपडी बांधून दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळणे, जखमांची निगा राखणे सुरू केले. ती जागा आजही परचुरे कुटी म्हणून ओळखली जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या वेळी या रोगावर खात्रीचे औषध आपल्याकडे नव्हते. शास्त्रीबोवा ठणठणीत बरे होतील, असे कोणी सांगू शकत नव्हते. तरीही सेवा चालू राहिली. शास्त्रीबोवा तेथे नुसते रोगी म्हणून पडून राहिले नाहीत. त्यांच्या विद्येचा मान राखला गेला. आश्रमातल्या एका लग्नाचे पौरोहित्यही त्यांनी केले. पुढे ते दत्तपूरला गेले आणि १९४५ साली तेथेच निवर्तले. रोग हटला नाही, पण माणूस माणसातून उठला नाही. माझ्या मते सेवेचे खरे माप हेच.

पुढे अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन उभे राहिले, आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. तिकडे वेल्लोरला पॉल ब्रँड नावाच्या शस्त्रवैद्याने एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. महारोगात बोटे आपोआप झडतात हा समज चुकीचा. संवेदना गेल्यामुळे बाभळीचा काटा रुतला तरी कळत नाही, तापल्या तव्याचा चटका समजत नाही. माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम खोल जाते. वेदना ही शत्रू नाही, ती राखणदार आहे! रोज पाय पाहणे, मऊ पादत्राण घालणे आणि जखमेच्या पायाला विश्रांती देणे, हे उपचार या ज्ञानातून आले. १९८२ पासून बहुविध औषधांची योजना आली आणि हा रोग पूर्ण बरा होऊ लागला.

मग आता हा इतिहास कशाला उगाळायचा, असे कोणी विचारील. कारण न भरणाऱ्या जखमा संपलेल्या नाहीत, मंडळी. मैंदर्गी असो, दुधनी असो की वागदरी. मधुमेहाने बधिर झालेला पाय, अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या पाठीचे शय्याव्रण, कर्करोगाची वाहती जखम, हे कोणत्याही गावात आढळेल. असल्या रोग्याचे दुःख हलके करण्याच्या शास्त्राला परिहार सेवा म्हणतात. १९६७ साली लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी त्यासाठी खास रुग्णालय काढले. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत शांती अवेदना सदन सुरू झाले.

या सेवेतले पुष्कळसे काम घरी करता येते. उकळून गार केलेल्या पाण्याने जखम धुवावी. सुकून चिकटलेली पट्टी ओढून काढू नये. आधी भिजवावी, मग सोडवावी. राख, शेण, चुना यांना जखमेजवळ येऊ देऊ नये. पडून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. वास येत असेल तर लाजून दार लावून बसू नका. त्यावर औषध आहे, डॉक्टरांना विचारा. ठणका असह्य असेल तर तोही सोसलाच पाहिजे असे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिनसारखे औषध देता येते. आणि जखम एकाएकी काळी पडली, ताप भरला, सूज चढली, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठण्यास उशीर करू नये.

गुरुजनांना एक विनंती. वर्गात ज्याच्या घरी असा रोगी आहे, ते पोर कित्येकदा एकटे पडते. मुलांना परचुरे शास्त्रींची हकीकत सांगा. आणि घरच्यांनो, रोग्याची खाट गोठ्याशेजारी नको, माजघरात असू द्या. त्याचे ताट आपल्याच पंगतीला वाढा; त्याला घरातल्या गोष्टींत सल्ला विचारा. जखम भरणे नेहमीच आपल्या हाती नसते. पट्टी बदलणे आणि दोन शब्द बोलणे मात्र रोज आपल्या हाती असते.