शर्यतीच्या मोटारीतील मद्यार्क आणि मांजरेचे पाणी

इंधनाचा इतिहास बहुधा खनिज तेलाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मद्यार्काचा उल्लेख त्यात आलाच तर ओझरता येतो. त्यामुळे अमेरिकेतील इंडीकार शर्यतींच्या मोटारी 2007 सालापासून जवळजवळ शुद्ध इथेनॉलवर धावू लागल्या आणि 2012 पासून त्यांच्या टर्बोचार्ज केलेल्या इंजिनांत शेकडा 85 इथेनॉल असलेले इंधन आले, ही घटना अगदी नव्या युगाची मानली जाते. वस्तुतः शर्यत आणि मद्यार्क यांचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. आणि हा संबंध प्रथम यंत्रज्ञांच्या हौसेतून नव्हे, तर शेतमालाला गिऱ्हाईक मिळावे या विवंचनेतून जुळला. नांदेड व लातूर या जिल्ह्यांची मोटार-शर्यतींसाठी ख्याती नाही. तथापि या इंधनाचा उगम जेथे होतो त्या उसाच्या शेतांचा हा प्रदेश असल्यामुळे, त्या इतिहासाचा अर्थ लावण्यास तो विशेष उपयुक्त आहे.

1902 सालच्या मे महिन्यात फ्रान्समध्ये ‘सर्किट द्यु नोर’ ही शर्यत झाली. मद्यार्काचा इंधन म्हणून प्रसार करणे हा तिचा हेतू होता आणि तेथील कृषिखात्याचा तिला पाठिंबा होता. उत्तर फ्रान्स हा शर्कराकंदाचा प्रदेश. कंदापासून मद्यार्क होत असे, परंतु त्याला पुरेशी मागणी नव्हती. पानार मोटार हाकणाऱ्या मॉरिस फार्मानने ही शर्यत जिंकली. पण तिचे खरे प्रेक्षक शर्कराकंद पिकविणारे शेतकरी होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, 1862 साली, मद्यार्कावर कर बसला आणि औद्योगिक उपयोगासाठी तो 1906 च्या कायद्याने उठला. मधल्या काळात खनिज तेलाने बाजारात पक्के बस्तान बसविले होते. मद्यार्क मागे पडला, याचे कारण केवळ त्याच्या ज्वलनगुणात शोधणे म्हणूनच पुरेसे नाही.

ज्वलनगुणांच्या दृष्टीने पाहता शर्यतीच्या इंजिनाला मद्यार्क अतिशय मानवतो. टर्बोचार्जरमध्ये बाहेर पडणाऱ्या वायूंच्या झोताने एक चक्र फिरते आणि त्याला जोडलेले दुसरे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत मिसळलेले पेट्रोल ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्यापूर्वीच काही ठिकाणी पेट घेते आणि इंजिनात ठोके बसू लागतात. हे ठोके दट्ट्या फोडू शकतात. दाब किती वाढवावा याची मर्यादा तेच ठरवितात. इथेनॉल अशा अकाली ज्वलनाला पेट्रोलपेक्षा पुष्कळ अधिक दाद न देणारे आहे. शिवाय त्याची वाफ होताना, तेवढ्याच वजनाच्या पेट्रोलच्या मानाने, दुपटीहून अधिक उष्णता शोषली जाते. परिणामी आत येणारी हवा थंड होते, दाब वाढविता येतो आणि शक्ती वाढते.

याची दुसरी बाजू अशी की, एका लिटर इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. तेवढ्याच हवेत त्यामुळे अधिक इंधन सोडावे लागते आणि टाकी लवकर रिकामी होते. शर्यतीत हा तोटा सोसता येतो. रोजच्या प्रवाशाला तो खिशातून भरावा लागतो. दाबासाठी मुद्दाम रचलेल्या इंजिनात जे इंधन गुणी ठरते, ते सामान्य इंजिनात तसेच गुणी ठरेल असे नाही, हा भेद विसरता येत नाही.

इंडियानापोलिसच्या शर्यतीत 1964 साली भीषण आगीत एडी सॅक्स व डेव्ह मॅक्डॉनल्ड हे चालक मृत्यू पावले. त्यानंतर तेथे पेट्रोल मागे पडून मेथॅनॉलचा, म्हणजे काष्ठमद्यार्काचा, काळ सुरू झाला. 1968 साली बॉबी अन्सरने टर्बोचार्ज केलेल्या इंजिनावर तेथे पहिला विजय मिळविला. पुढे मेथॅनॉलची जागा इथेनॉलने घेतली तेव्हा अमेरिकेतील मका-उत्पादक प्रदेशांचे हितसंबंध या बदलामागे होते. 1902 च्या फ्रान्समध्ये शर्कराकंदाने जे साधू पाहिले, तेच शतकानंतर मक्याने साधले.

भारतात हा प्रश्न मळीच्या रूपाने उभा राहिला. 1932 साली साखर उद्योगाला संरक्षण मिळाले, कारखाने भराभर वाढले आणि त्यांच्याबरोबर मळीचे साठेही वाढले. संयुक्त प्रांत व बिहार यांच्या सरकारांनी 1938 साली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. 1940 साली संयुक्त प्रांताने आणि 1948 साली मध्यवर्ती सरकारने ‘पॉवर अल्कोहोल’विषयक कायदा केला. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क शेकडा 95 च्या आसपास शुद्ध होतो. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी त्यातील उरलेले पाणीही काढावे लागते, अन्यथा मिश्रण फाटते. हे निर्जल द्रव्य म्हणजेच ‘पॉवर अल्कोहोल’. परंतु मद्यार्काला रसायन-उद्योगाची आणि मद्यव्यवसायाची मागणी होती आणि पेट्रोल स्वस्त होते. कायदा पुस्तकात राहिला आणि 2000 साली रद्द झाला.

येथे शब्दांचा इतिहासही बोलका आहे. एकच द्रव्य आसवनीत ‘स्पिरिट’, शास्त्राच्या पुस्तकात ‘मद्यार्क’, जुन्या कायद्यात ‘पॉवर अल्कोहोल’ आणि आजच्या पेट्रोलपंपावर ‘इथेनॉल’ होते. प्रत्येक नावामागे वेगळा कर, वेगळे खाते आणि वेगळा मालक उभा असतो. औद्योगिक मद्यार्क हे ‘मादक द्रव’ या शब्दांत मोडते काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली दिलेला निकाल 2024 साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने फिरविला आणि राज्यांचा अधिकार मान्य केला. मद्यार्काला ‘मद्य’ या शब्दापासून सोडवून घेण्यास ‘इथेनॉल’ या परक्या नावाचा उपयोग झाला, हे नाकारता येणार नाही.

मराठवाड्याच्या बाबतीत या इतिहासाचा धागा मांजरा नदीतून जातो. हैदराबाद संस्थानात 1923 ते 1931 या काळात या नदीवर निजामसागर धरण झाले. त्याच्या पाण्यावर ऊस पिकला आणि 1937 साली स्थापन झालेला निजाम शुगर फॅक्टरी हा कारखाना बोधन येथे, आजच्या नांदेड जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच, उभा राहिला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बोधन आंध्र प्रदेशात आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पुढे त्याच नदीच्या वरच्या अंगाला, लातूर परिसरात, सहकारी साखर कारखानदारी वाढली. विलासराव देशमुख यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या कारखान्याने तर नदीचेच नाव धारण केले. नांदेड जिल्ह्यातही अर्धापूर परिसरात इसापूर धरणाच्या पाण्यावर ऊस व केळी यांचे क्षेत्र विस्तारले. ऊस हे हुकमी भाव असलेले नगदी पीक. कोरडवाहू शेतकऱ्याने त्याकडे वळावे यात नवल नाही.

पेट्रोलमध्ये शेकडा 5 इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग 2001 साली महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे झाला आणि 2003 पासून नऊ राज्यांत तो लागू करण्यात आला. त्याच मिरजेचे नाव लातूरच्या इतिहासात निराळ्याच कारणाने नोंदले गेले. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडे पडले असता लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी पाणवठ्यांवर गर्दी व भांडणे टाळण्यासाठी जमावबंदी लागू झाली होती. एका प्रसंगी मिरज पेट्रोलमध्ये उसाचा अर्क मिसळणारे ठिकाण होते. दुसऱ्या प्रसंगी उसाच्या प्रदेशाची तहान भागविणारे.

या दोन प्रसंगांचा संबंध 2018 नंतर अधिक स्पष्ट झाला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने मळीबरोबर थेट उसाच्या रसापासूनही इथेनॉल करण्यास वाट मोकळी केली. 2022 साली मिश्रणाचे प्रमाण शेकडा 10 आणि 2025 साली शेकडा 20 झाले. कारखान्यांना साखरेव्यतिरिक्त उत्पन्न लाभले आणि उसाची देणी चुकती करण्यास आधार मिळाला, हा लाभ खरा आहे. परंतु नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे 2860 लिटर पाणी लागते. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीचा मद्यार्क करणे आणि मद्यार्कासाठीच ऊस लावणे या दोन गोष्टी पाण्याच्या हिशेबात एक नव्हेत. पाऊस कमी झाल्यावर 2023 च्या डिसेंबरात सरकारला रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घालावे लागले. ते 2024 साली उठले. मध्यंतरी मक्यासारख्या धान्यांपासून होणाऱ्या इथेनॉलचा वाटा उसापेक्षा वाढला.

2023 पासून इंडीकार मोटारींसाठी जे पूर्णतः नवीकरणीय म्हणविले जाणारे इंधन आले, त्यातील इथेनॉल मुख्यतः ब्राझीलमधील उसाच्या टाकाऊ भागापासून केलेले आहे, ही गोष्ट म्हणूनच अर्थपूर्ण आहे. शर्कराकंद आणि मका यांच्या मार्गाने आलेली शर्यतीची मोटार अखेर उसाच्या चोथ्यापाशी पोहोचली. टर्बोचार्जरने मद्यार्काचा गुण सिद्ध केला, यात शंका नाही. परंतु तो वापरला जाईल की नाही हे 1902 पासून शेतमालाच्या मागणीने, कराने आणि कायद्याने ठरविले. मांजरेच्या खोऱ्यात ते यापुढे पाण्याने ठरणार आहे. इंजिनातील उष्णता शोषून घेणारे हे द्रव्य जमिनीतील ओलावाही शोषून घेते, हे लातूरने 2016 साली पाहिले आहे; मराठवाड्यातील इथेनॉलच्या कोणत्याही हिशेबात मिरजेहून आलेल्या त्या गाडीची नोंद पहिल्या ओळीत असली पाहिजे.